डोळ्यांपुरतं अक्षर

संगणकावर एक मराठी पत्र उघडलेलं आहे. उजव्या कोपऱ्यात 'दिनांक' आहे, मध्यभागी 'विषय' आहे आणि खालच्या मजकुरात 'अर्ज' हा शब्द चार-पाच वेळा आला आहे. डोळस माणूस हे पत्र मिनिटभरात वाचून बाजूला ठेवेल. आता तेच पत्र अंध माणूस उघडतो. त्याच्या संगणकात स्क्रीन रीडर असतो, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली. 'दिनांक'च्या जागी ती 'फ्नुकाड' असं काहीतरी म्हणते. 'अर्ज' आला की 'व्ही टी झेड' म्हणते. 'विषय'च्या जागी अवतरणचिन्ह आणि अर्धविराम घुसलेला एक खडखडाट ऐकू येतो. पत्र संपेपर्यंत एकही मराठी शब्द कानावर पडत नाही.

यात स्क्रीन रीडरची काही चूक नाही. आत जे लिहिलं आहे तेच तो वाचतो. पत्र 'कृतिदेव' या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं आहे आणि त्या फॉन्टमध्ये 'दिनांक' हा शब्द एफ, एन, यू, के, ए, डी या सहा इंग्रजी अक्षरांनी साठवला जातो. फॉन्ट त्या सहा अक्षरांना मराठी चेहरे चढवतो. डोळ्यांना चेहरे दिसतात, कानापर्यंत आतली इंग्रजी अक्षरं पोचतात.

अपंग व्यक्तींना माहिती तंत्रज्ञान वापरता यावं यासाठी काय करावं लागतं, या मोठ्या विषयाचं मूळ मला या एका पत्रात दिसतं. माहिती वेगळी आणि ती ज्या रूपात समोर येते ते रूप वेगळं. माहिती एखाद्या रूपाला जखडून टाकली की ती एकाच इंद्रियाच्या मालकीची होते. सुटी ठेवली तर ती कानाने घेता येते, बोटाने घेता येते, मोठी करून पाहता येते, संथ करून ऐकता येते. सांगायला हे सोपं आहे. ते कुठे कुठे लागू पडतं आणि कुठे अपुरं पडतं, हे पाहायला मात्र सावकाश जावं लागेल.

आधी त्या फॉन्टचीच गोष्ट पाहू, कारण मराठीपुरती ती सगळ्यात जवळची आहे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत संगणकावर मराठी आणणाऱ्यांपुढे एक अडचण होती. फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ घरं असत आणि ती इंग्रजीला धरून आखलेली होती. मग देवनागरीचे तुकडे केले गेले. अर्धा ल, काना, वेलांटी, रफार, उकार असे सुटे भाग इंग्रजी अक्षरांच्या घरांत बसवले आणि ते एकमेकांशेजारी ठेवून शब्द रचता येऊ लागले. काम मोठ्या कल्पकतेचं होतं. पुण्यात तर त्याचं केंद्रच होतं. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकचे फॉन्ट, मॉड्युलर इन्फोटेकची 'श्रीलिपी' यांच्या जोरावर मराठी छपाईचा चेहरामोहरा बदलला. हजारो पुस्तकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका या फॉन्टांत निघाल्या. छापून कागदावर उतरवायचं असेल तोवर काही बिघडत नव्हतं. कागदावर शाई असते आणि शाईच्या आत दुसरं काही नसतं. संगणकावरच्या मजकुराला मात्र आतली बाजू असते आणि तिथे मराठी नव्हतीच.

प्रत्येक फॉन्टची घरांची वाटणी वेगळी होती, म्हणून एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की त्याचं कडबोळं होई. मराठी संकेतस्थळं वाचायची तर आधी फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. शोधयंत्रात मराठी शब्द टाकून काही सापडत नसे. या अडचणी डोळसांच्याही होत्या. त्यांवरचा उपाय म्हणजे युनिकोड. १९९१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा एक गट राखलेला होता आणि त्याची आखणी भारतातच तयार झालेल्या इस्की या सांकेतिक पद्धतीवर बेतलेली होती. आता 'क'ला स्वतःचा क्रमांक मिळाला. फॉन्ट कोणताही लावा, आतला क्रमांक तोच राहतो.

यातला एक बारकावा जरा जवळून पाहण्यासारखा आहे. 'अर्ज' म्हणताना आपण आधी अ म्हणतो, मग र, मग ज. लिहिताना मात्र र उडून ज च्या डोक्यावर जाऊन बसतो. जुन्या फॉन्टमध्ये हा शब्द डोळ्याच्या क्रमाने साठवला जातो: अ, ज आणि शेवटी रफार. 'दिनांक'मध्येही तसंच. तोंडाने आपण आधी द म्हणतो, मग इ. पण वेलांटी द च्या डावीकडे असते म्हणून जुना फॉन्ट आधी वेलांटी साठवतो. टाइपरायटरवर हाच क्रम होता आणि बोटांची सवय तशीच फॉन्टमध्ये उतरली. युनिकोडने क्रम उच्चाराचा धरला. अ, र, हलन्ताची खूण, ज. द, इकार, न. रफार डोक्यावर चढवायचा, वेलांटी मागे सरकवायची, हे काम दाखवण्याच्या वेळी फॉन्टने करायचं. आत साठवताना शब्द जसा बोलला जातो तसा राहतो, आणि म्हणूनच बोलणाऱ्या यंत्राला तो बोलता येतो.

भारतीय भाषांसाठी ठरलेल्या ब्रेलमध्ये, म्हणजे १९५१ च्या भारती ब्रेलमध्ये, अक्षरांचा क्रम उच्चाराचाच आहे. सहा-सहा ठिपक्यांची घरं बोटाखाली डावीकडून उजवीकडे एकापुढे एक येतात. डोक्यावर रफार ठेवायला किंवा मागे वेलांटी लावायला तिथे जागा नाही. त्यामुळे 'दि' म्हणजे आधी द, मग इ. युनिकोडने ही कल्पना ब्रेलकडून घेतली असं मला म्हणायचं नाही. पण संगणकाने चाळीस वर्षांनी जो क्रम स्वीकारला, त्या क्रमाने अंध वाचकांची बोटं मराठी आधीपासूनच वाचत होती, हे लक्षात राहण्याजोगं आहे. आज युनिकोडमधला मजकूर ब्रेल डिस्प्लेला जोडला की ठिपके वर-खाली होतात आणि तीच फाइल बोटाने वाचता येते. एकच मजकूर डोळ्याला अक्षर होतो, कानाला आवाज होतो, बोटाला ठिपके होतो.

असं असूनही जुने फॉन्ट अजून गेलेले नाहीत. डीटीपीवाल्यांच्या दुकानांत, कार्यालयांतल्या जुन्या संगणकांवर ते ठाण मांडून आहेत. याचा दोष मी टंकलेखकांच्या माथी मारणार नाही. वीस-पंचवीस वर्षं एका मांडणीवर धावलेली बोटं नव्या मांडणीवर अडखळतात आणि समोर कामाचा ढीग वाट पाहत असतो. पण रेमिंग्टन टाइपरायटरच्या मांडणीची सवय असलेल्या बोटांना युनिकोडमध्येही तीच मांडणी घेता येते, हे त्यांच्यापर्यंत कुणी पोचवलेलं नसतं. प्रकाशकांकडे तर आणखी मोठा साठा अडकून पडला आहे. दोन-तीन दशकांतल्या मराठी पुस्तकांच्या फाइल त्यांच्याकडे जुन्या फॉन्टांतच आहेत. त्यांचं रूपांतर करता येतं, त्यासाठीची साधनं आहेत. नंतर मुद्रितशोधकाला एकदा हात फिरवावा लागतो, कारण जोडाक्षरं आणि 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतला र तिथे हमखास दगा देतो. कायद्याचा तर अडथळाच उरलेला नाही. २०१२ मध्ये आपल्या स्वामित्व हक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि अपंग वाचकांसाठी पुस्तक त्यांना वाचता येईल अशा रूपात करून देण्याची मोकळीक मिळाली. पुढच्याच वर्षी मराकेशला झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झालं. आता उरलं आहे ते फाइल उघडून बसण्याचं काम.

समजा, युनिकोड झालं आणि अक्षरं सुटी झाली. तरीही पान सुटं होतंच असं नाही.

अंध माणूस पान कसं वाचतो, हे बहुतेक डोळसांनी कधी पाहिलेलं नसतं. त्यांना वाटतं, यंत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत जातं आणि माणूस ऐकत बसतो. तसं कुणीच वाचत नाही. आपण वर्तमानपत्र उघडल्यावर मथळ्यांवरून नजर फिरवतो, हवी ती बातमी धरतो, बाकी सोडतो. अंध वाचकही तेच करतो, फक्त बोटांनी आणि कानांनी. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये करायला घेतला आणि पुढे जेम्स तेह हा दुसरा अंध ऑस्ट्रेलियन तरुण त्याच्या जोडीला आला. तो फुकट मिळतो, म्हणून आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना परवडतो. त्यात एच ही कळ दाबली की संकेतस्थळाच्या पानावर पुढचा मथळा ऐकू येतो, टी दाबली की पुढचा तक्ता, बी दाबली की पुढचं बटण. सरावलेला माणूस आवाजाचा वेगही इतका वाढवून ठेवतो की शेजारी बसलेल्याला त्यातलं अक्षर कळत नाही. पाहणाऱ्याला हा चमत्कार वाटतो. वापरणाऱ्याला तो रोजचा सराव असतो.

पण एच दाबल्यावर मथळा सापडायचा, तर तो मथळा आहे हे आत नोंदलेलं असावं लागतं. इथे पुन्हा तेच घोडं अडतं. अहवाल लिहिताना आपण मथळ्याची ओळ निवडतो, ती जाड करतो, अक्षर मोठं करतो, मध्यभागी घेतो. डोळ्याला तो मथळा वाटतो. संगणकाच्या लेखी ती इतर ओळींसारखीच एक ओळ, जरा जाड. वर्डमध्ये 'हेडिंग' नावाची सोय वर्षानुवर्षं आहे. ती लावली की दिसायलाही मथळा होतो आणि आतही मथळ्याची नोंद होते. दोन्हींना लागणारा वेळ सारखाच. साठ पानांच्या अहवालात ती लावलेली नसेल, तर अंध वाचकाला साठ पानं ओळीने ऐकत जाण्यावाचून गत्यंतर नाही. तक्त्याचं तसंच. स्पेसबार दाबत दाबत रकाने एकाखाली एक आणलेले असतात. डोळा त्यातून रकाना ओळखतो. कानाला मात्र 'गहू ज्वारी तूर दोनशे चाळीस एकशे दहा नव्वद' असा शब्दांचा आणि आकड्यांचा लोट येतो, आणि कुठला आकडा कुणाचा ते शेवटपर्यंत कळत नाही.

स्कॅन करून ठेवलेल्या पीडीएफमध्ये तर आत काहीच नसतं. परिपत्रक संगणकावर टाइप होतं, छापलं जातं, त्यावर सही-शिक्का होतो, मग ते स्कॅन करून पाठवलं जातं. सुरुवातीला ज्यात प्रत्येक अक्षर शाबूत होतं त्याचा आपण स्वतःच्या हाताने फोटो करून टाकतो. स्क्रीन रीडर त्यावर 'चित्र' किंवा 'रिकामं पान' एवढंच बोलतो. सोसायटीच्या, शाळेच्या, गावाच्या व्हॉट्सॲप गटांवरही हेच चालतं. उद्या पाणी येणार नाही, ही सूचना रंगीत चौकटीतलं चित्र म्हणून फिरते. गटातल्या अंध सभासदाच्या फोनवर ती 'फोटो' म्हणून पोचते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बादली रिकामी असते. चित्राखाली तीच सूचना दोन ओळींत टाइप केली असती, तर तिथल्या तिथे काम झालं असतं.

चित्रं टाकूच नयेत, असं यातून निघत नाही. चित्राला शब्द जोडता येतात. वेबच्या अगदी सुरुवातीच्या वर्षांपासून चित्रासोबत पर्यायी मजकूर ठेवण्याची सोय आहे. तो पडद्यावर दिसत नाही, पण स्क्रीन रीडर वाचतो. हा मजकूर लिहिणं हे खरं लेखकाचं काम आहे आणि ते वाटतं तितकं यांत्रिक नाही. चंद्रभागेच्या वाळवंटातल्या वारकऱ्यांचा एक फोटो घ्या. बातमी पुराची असेल तर पाणी कुठल्या पायरीला लागलं आहे ते सांगायला हवं. बातमी गर्दीची असेल तर वाळवंट या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसांनी भरलं आहे, हे सांगायला हवं. लेख वारकऱ्यांच्या वेशावर असेल तर धोतर, टोपी, गळ्यातली माळ यांना महत्त्व. फोटो एकच, पण तो तिथे का लावला याचं उत्तर प्रत्येक वेळी वेगळं. पर्यायी मजकुरात ते उत्तर यावं लागतं, आणि ते लिहिताना कधी कधी लक्षात येतं की फोटो नुसता जागा भरायला लावला होता.

आता वाचण्याकडून वापरण्याकडे येऊ. फोनवरच्या ॲपमध्ये बोट फिरवलं की प्रत्येक वस्तूने तीन गोष्टी सांगायच्या असतात: आपलं नाव, आपला प्रकार आणि आपली अवस्था. 'अटी मान्य, चेकबॉक्स, निवडलेला नाही.' इतकं कळलं की अंध माणूस पुढची कृती करू शकतो. ज्या ॲपमध्ये बटणांना नावं दिलेली नसतात तिथे बोट फिरवताना 'बटण', 'बटण', 'बटण' असं ऐकू येत राहतं. एक टोपलीचं चित्र असतं, एक कचरापेटीचं, एक मागे जाणाऱ्या बाणाचं. डोळ्याला चित्र दिसतं म्हणून बनवणाऱ्याला नाव द्यायची गरज वाटलेली नसते. औषधं मागवण्याच्या ॲपमध्ये यातलं कुठलं बटण दाबलं की मागणी रद्द होते, हे अंदाजाने शोधावं लागणं ही साधी गैरसोय नाही. नाव देण्याचं काम मात्र प्रोग्रॅममध्ये एका ओळीचं असतं.

ओटीपीचंही सांगायला हवं. सहा आकडे संदेशात येतात. ज्याला दिसतं तो वरच्या पट्टीत ते पाहतो आणि खाली लिहितो. स्क्रीन रीडर वापरणारा आधी ॲपमधून बाहेर येतो, संदेश उघडतो, आकडे ऐकतो, लक्षात ठेवतो, परत ॲपमध्ये जातो, रकाना शोधतो आणि एकेक आकडा दाबतो. तोवर मुदत संपलेली असते. हात थरथरणाऱ्या माणसाचं, बोटं वळत नसलेल्या माणसाचं आणि कितीतरी आजी-आजोबांचंही असंच होतं. सुरक्षिततेसाठी मुदत हवी, हे मान्य. ती इतकीच का हवी, आणि वाढवून मागता का येऊ नये, हा प्रश्न कुणीतरी बैठकीत विचारायला हवा होता.

इथे मूळ मुद्दा थोडा खोल जातो. आत्तापर्यंत आपण माहिती आणि तिचं रूप यांबद्दल बोलत होतो. पण यंत्र जेव्हा माणसाकडे काही मागतं, तेव्हाही हीच गल्लत होते. कॅप्चा पाहा. संकेतस्थळाला जाणून घ्यायचं असतं की समोर माणूस आहे की यंत्र. ते विचारतं मात्र वेगळंच: ही वेडीवाकडी अक्षरं तुला दिसतात का? जो माणूस आहे पण ज्याला दिसत नाही, तो या परीक्षेत यंत्र ठरतो. काही ठिकाणी ऐकून सोडवायचा पर्याय असतो. ज्याला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, त्याची वाट तिथेही बंद.

याहून गंभीर प्रसंग सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बँकेचं खातं उघडण्यासाठी, सिमकार्डासाठी आता फोनवरूनच ओळख पटवता येते. समोर जिवंत माणूस आहे, कुणी फोटो धरलेला नाही, हे तपासायला यंत्र सांगतं: डोळ्यांची उघडझाप करा. प्रज्ञा प्रसून या ॲसिड हल्ल्यातून बचावलेल्या स्त्रीला ती उघडझाप करता येत नव्हती. एका बँकेत त्यांचं घोडं इथेच अडलं. अमर जैन हे अंध वकील. चेहरा कॅमेऱ्याच्या चौकटीत आणा, सेल्फी काढा, या पायऱ्या अंध माणसाला एकट्याने पार करता येत नाहीत, हे त्यांचं गाऱ्हाणं. दोघांच्या याचिकांवर ३० एप्रिल २०२५ रोजी न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांनी निकाल दिला. डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं त्यांनी म्हटलं आणि सरकारला, नियामकांना वीस निर्देश दिले. त्यांत उघडझापेखेरीज जिवंतपणा पडताळण्याचे दुसरे मार्ग ठेवण्याचाही निर्देश आहे. यंत्राला हवा होता जिवंतपणाचा पुरावा. उघडझाप हे त्या पुराव्याचं एक रूप होतं. बनवणाऱ्याने ते एकमेव रूप मानलं आणि एक जिवंत बाई यंत्रापुढे जिवंत ठरेना. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो, कारण त्याने ही गोष्ट सहानुभूतीच्या खात्यातून काढून हक्काच्या खात्यात घातली.

कायदा त्याआधीही होता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. त्यातलं ४२ वं कलम थेट माहिती आणि संपर्क तंत्रज्ञानाबद्दल आहे. पण नियमांत ज्या मार्गदर्शक सूचना होत्या त्या शिफारशींसारख्या वाचल्या जात. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे चालणार नाही असं सांगितलं आणि बंधनकारक निकष करायला केंद्राला तीन महिन्यांची मुदत दिली. निकष शोधायला लांब जायचं कारण नव्हतं. जागतिक वेब संघाचे पहिले निकष १९९९ मध्येच आले होते, आणि आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १७८०२ हे मानकही आहे.

या निकषांतला एक नियम अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांतल्या फरकाचा आहे. नेहमीच्या आकाराच्या मजकुराला हा फरक किमान साडेचारास एक हवा. फिकट करड्यावर पांढरं, पिवळ्यावर पांढरं लिहिलं की अंधुक दिसणाऱ्यांना ते दिसत नाही. अक्षर मोठं करता आलं पाहिजे, असाही एक नियम आहे. या गोष्टी वाचताना मला दासबोधाची आठवण होते. त्याच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. त्यात समर्थ सांगतात की तरुणपणी फार बारीक अक्षर काढू नये, म्हातारपणी ते उपयोगी पडणार नाही, मध्यम अक्षर काढावं. लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार लिहितानाच करावा, ही जाण मराठीला परकी नाही.

आता माझंच म्हणणं जरा तपासून पाहतो. मजकूर सुटा ठेवला की तो सगळ्यांचा होतो, असं मी म्हणालो. जन्मापासून बहिरी असलेली मुलगी घ्या. मराठी तिच्या कानावर कधी पडलीच नाही. तिची सहज भाषा खुणांची, भारतीय सांकेतिक भाषा. तिचं व्याकरण मराठीहून वेगळं आहे. अशा मुलीसाठी मराठी वाक्य ही शाळेत कष्टाने शिकलेली दुसरी भाषा असते. व्हिडिओखाली मराठी अक्षरं आली की तिचा प्रश्न पूर्ण सुटला, असं आपण धरून चालतो. ते तितकंसं खरं नाही. तिच्या दृष्टीने मजकूर हेही एक रूपच आहे. महत्त्वाची माहिती, पूर आला तर कुठे जायचं, लस कधी मिळेल, ही सांकेतिक भाषेतूनही यायला हवी. दिल्लीत २०१५ मध्ये या भाषेसाठी संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र स्थापन झालं, त्याने दहा हजार शब्दांचा कोश केला. ज्यांना मोठ्या वयात ऐकू येईनासं झालं, त्यांच्यासाठी मात्र व्हिडिओखालचा मजकूरच मोठा आधार असतो. बहिरेपण एकच दिसलं तरी गरज दोन प्रकारची आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी तर अडचण रूपाची नसतेच, वाक्याच्या गुंत्याची असते. तिथे सोपं लिहावं लागतं, आणि ते आपल्या सरकारी मराठीला सगळ्यात जड जातं. तेव्हा अक्षर सुटं करणं ही पहिली पायरी आहे. तिच्याशिवाय वरच्या पायऱ्या चढता येत नाहीत, इतकंच तिच्याबद्दल खात्रीने म्हणता येईल.

यावर आज एक उत्तर सगळीकडे ऐकू येतं. आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे, फोन चित्रातलं अक्षर वाचतो, फोटोचं वर्णन करतो, बोलणं लिहून दाखवतो. मग एवढा खटाटोप कशाला? ही साधनं खरोखर मोठी आहेत आणि त्यांचं मूळही याच गरजेत आहे. १९७६ मध्ये रे कुर्झवाइल यांनी अंधांसाठी छापील मजकूर वाचून दाखवणारं यंत्र आणलं. त्यासाठी जे स्कॅनर आणि अक्षर ओळखण्याचं तंत्र घडवलं ते पुढे कचेरी-कचेरीत पोचलं. आज अंध विद्यार्थी फोन पुस्तकावर धरून पान वाचून घेतो, ही साधी गोष्ट नाही.

पण ते वाचन म्हणजे अंदाज असतो. घ आणि ध, भ आणि म यांत यंत्र अजून फसतं. आकडा पुसट असेल तर त्याच्या जागी दुसरा बोलून मोकळं होतं, आणि तेही ठाम आवाजात. डोळस माणूस अशा वेळी मूळ कागदावर नजर टाकतो. अंध माणसाला तो मार्ग नाही, म्हणून तर त्याने यंत्र हाती घेतलं. औषधाचा डोस, परीक्षेची तारीख, कर्जाचा हप्ता इथे अंदाजावर विसंबायचं ओझं त्याने का वाहायचं, जेव्हा ज्याने कागद तयार केला त्याच्याकडे अचूक अक्षरं होती आणि त्याने ती फोटोत बुजवली?

२०२५ च्या त्या निकालात आणखी एक निर्देश आहे. संकेतस्थळांची, ॲपची सुगम्यता तज्ज्ञांकडून ठरावीक काळाने तपासून घ्यावी आणि नवं काही घडवताना अंध व्यक्तींना चाचणीत सामील करावं. हे काम करणारे लोक आज आहेत. मुंबई-पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत स्क्रीन रीडरवर प्रोग्रॅम लिहिणारे आणि तपासणारे अंध अभियंते आहेत. असा माणूस नवं ॲप हातात घेतो, डोळस सहकारी तासभर कौतुकाने पाहत राहिलेल्या पहिल्याच पडद्यावर बोट फिरवतो आणि पाच मिनिटांत सांगतो की इथे तीन बटणं बिननावाची आहेत, हा संदेश येऊन गेला पण मला ऐकू आला नाही, आणि या चौकटीत शिरल्यावर बाहेर पडता येत नाही. आराखडा ठरत असताना त्याला बोलावलं असेल तर यातली प्रत्येक गोष्ट त्याच दुपारी दुरुस्त होते. ॲप बाजारात गेल्यावर बोलावलं तर त्याच तीन नावांसाठी नवी आवृत्ती, नवी चाचणी आणि नवी मंजुरी लागते, आणि तोवर कुणीतरी घरच्या माणसाला हाक मारून म्हणत असतं, जरा माझ्यासाठी हे एवढं दाबून दे.